कोल्ड प्लंज टब घ्यायचाय? आधी पाण्याचा हिशोब करा, मग टब बघा

कोल्ड प्लंज टबचे, म्हणजे व्यायामानंतर वगैरे काही मिनिटं गार पाण्यात बसायच्या टबचे, जे रिव्ह्यू आपण बघतो ते जवळजवळ सगळे थंड देशातले असतात. माझी चुलत बहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे जानेवारीत नळालाच ५-६ अंशांचं पाणी येतं, तिने एक साधा घडीचा टब घेतला, घरामागे ठेवला, पाईप सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू. तिचं बघून मी पण इथं पुण्यात तसलाच मागवला, एप्रिल होता, भरला, थर्मामीटर टाकला तर २९ अंश. त्या पाण्यात बसून अंगाला काहीच कळत नाही.

तेव्हापासून दोन वर्षं मी यात आहे, तीन टब वापरून झाले, एक चिलर (टबातलं पाणी गार करणारं मशिन) परत केला, आणि आता ओळखीतलं कोणी विचारलं की मी एकच सांगते: आपल्या हवेत तुम्ही टब विकत घेत नाही, थंडावा विकत घेता, आणि तो थंडावा टिकवायची सोय. टबचा रंग, आकार, कप होल्डर हे सगळं नंतर. या हिशोबानेच पुढच्या पायऱ्या लिहिल्यात, त्याच क्रमाने जा, उड्या मारू नका, विशेषतः पहिली पायरी सोडू नका.

पायरी १: आधी डॉक्टर

ब्लड प्रेशर, हृदयाचा कसलाही त्रास, ठोके अनियमित पडणं, फिट येणं, गरोदरपण, थंडीने अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, थंडीत बोटं पांढरी पडणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर नकोच. हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाहीये. थंड पाण्यात एकदम उतरलं की शरीर स्वतःहून जोरात श्वास ओढतं, मग धाप लागल्यासारखा भराभर श्वास चालतो, ठोके आणि प्रेशर दोन्ही चढतात. याला कोल्ड शॉक म्हणतात, पोर्ट्समथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. याचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. म्हणजे धोका सुरुवातीलाच असतो, आणि त्याच वेळी डोकं पाण्याखाली असेल तर ओढलेल्या श्वासाबरोबर पाणी आत जातं.

म्हणून नियम साधे आहेत. हळूहळू उतरायचं, डोकं वर, घरात दुसरं मोठं माणूस जागं पाहिजे, दारू पिऊन अजिबात नाही, आणि ते भराभर श्वास घ्यायचे प्रकार पाण्यात बसून करायचे नाहीत, चक्कर येऊन माणूस टबातच बेशुद्ध होऊ शकतो. बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीर आतून आणखी गार होत राहतं, तेव्हा लगेच कडक गरम शॉवरखाली उभं राहू नका, अंग पुसा, कपडे घाला, चाला थोडं.

पायरी २: किती थंड पाहिजे ते ठरवा, कारण प्रत्येक अंशाला पैसे पडतात

जाहिरातीत लिहिलेलं असतं '३ अंशांपर्यंत'. तुम्हाला ३ अंश कशाला पाहिजेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. खेळाडूंवरच्या अभ्यासात पाणी बऱ्याचदा १० ते १५ अंशांच्या दरम्यान असतं. २०१२ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) अशा १७ छोट्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, सगळे मिळून ३६६ लोक, आणि व्यायामानंतर जे अंग दुखतं ते थंड पाण्याने नुसत्या विश्रांतीपेक्षा कमी होतं असं त्यांना दिसलं. 'आठवड्याला ११ मिनिटं' हा आकडा सगळीकडे फिरतो, तो डेन्मार्कमधल्या हिवाळ्यात पोहणाऱ्या मोजक्याच तरुण पुरुषांच्या अभ्यासातून आलाय, २०२१ चा, तर त्याला दगडावरची रेघ समजू नका.

आणि जिमवाल्यांसाठी महत्त्वाचं: वजन उचलून झाल्यावर लगेच थंड पाण्यात बसलात तर स्नायू वाढायचा फायदा कमी होतो, २०१५ च्या एका अभ्यासात बारा आठवडे ट्रेनिंग करून हे दिसलं होतं. मसल वाढवायचे असतील तर प्लंज दुसऱ्या वेळेला ठेवा, सकाळी वगैरे.

नवीन माणसाने १५ अंशांवर एक-दोन मिनिटांनी सुरुवात केली तरी पुष्कळ होतं. मी धावते, दोन वर्षांनी सुद्धा मी १२ च्या खाली जात नाही. आपल्या हवेची सवय असलेल्या शरीराला १५ अंश म्हणजे खरोखर गार असतं, विहिरीचं पाणी गार लागतं ना उन्हाळ्यात, ते सुद्धा २५ च्या आसपासच असतं, बाहेर ४० असल्यामुळे आपल्याला ते गार वाटतं. तर तुमचं टार्गेट १२ ते १५ असेल तर ३ अंशवाल्या मशिनचे पैसे देऊ नका.

पायरी ३: एक महिना ड्रममध्ये काढा

ही पायरी लोकांना आवडत नाही पण मी आग्रहाने सांगते. निळा २०० लिटरचा उघड्या तोंडाचा ड्रम मिळतो तो आणा, पण नवीन किंवा खाण्याच्या वस्तूंचाच, केमिकलचा जुना ड्रम कितीही धुतला तरी नको. शेजारी पक्कं स्टूल ठेवा, ड्रम भिंतीला टेकवून सपाट जमिनीवर ठेवा, आणि पहिले काही दिवस कोणाला तरी जवळ उभं करा कारण ड्रममधून बाहेर येताना पाय बधिर असतात आणि तोल जातो.

पाणी साधारण १३० लिटर लागेल, उरलेली जागा तुमचं अंग घेतं. बर्फाचा हिशोब असा: लिटर गुणिले जेवढे अंश उतरवायचे, भागिले ९०. म्हणजे १३० लिटर २७ वरून १५ वर आणायचं तर १३० गुणिले १२ भागिले ९०, साधारण १७ किलो बर्फ. घरच्या फ्रीजरमध्ये एकेक लिटरच्या दहा बाटल्या गोठवून टाकल्या तर ३०० लिटरच्या टबला त्या जेमतेम ३ अंश खाली आणतात, हे मी करून बघितलंय, म्हणून 'बाटल्या गोठवू की' या भरवशावर मोठा टब घेऊ नका. बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणलीत तर बघून घ्या, २०१८ पासून आपल्याकडे खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. तसला बर्फ टबात टाकायचा नाही, ते पाणी तोंडाला-डोळ्याला लागतं.

महिनाभरात दोन गोष्टी कळतात. एक, तुम्ही खरंच आठवड्यातून तीन-चारदा बसता का. दुसरी, बर्फाचा खर्च आणि तो आणायची कटकट. ज्यांचं उत्साहाचं वारं पंधरा दिवसांत उतरतं त्यांचे लाखभर रुपये इथेच वाचतात, आणि ज्यांचं टिकतं त्यांना पुढच्या पायऱ्या लगेच समजतात.

पायरी ४: कागद घ्या, हिशोब मांडा

३०० लिटरचा टब धरू. पाणी २८ वरून १२ वर बर्फाने आणायचं, ३०० गुणिले १६ भागिले ९०, म्हणजे ५०-५५ किलो बर्फ, एका वेळेला! तुमच्या भागातला किलोचा भाव त्याला लावा, आठवड्यातून चारदा गुणा, आणि वर्षाचा आकडा काढा. ज्या गावात बर्फाची फॅक्टरी जवळ आहे, बंदरावर राहता, तिथे हा आकडा परवडू शकतो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर आठवड्याला दोनशे किलो बर्फ चढवणं कोणाला जमणार.

आता तेच चिलरने. लिटर गुणिले अंश भागिले ८६० केलं की काढायची उष्णता युनिटमध्ये मिळते. ३०० लिटर, ३० वरून १२, म्हणजे ३०० गुणिले १८ भागिले ८६०, सव्वासहा युनिट उष्णता. चिलर एका युनिट विजेत साधारण दोन-अडीच युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे पहिल्यांदा गार करायला तीन युनिटच्या आसपास वीज. हा खर्च एकदाच, पाणी बदलेपर्यंत. खरा खर्च रोज ते गार ठेवण्याचा आहे.

पायरी ५: टबची भिंत बघा

हे मला पहिल्या टबच्या वेळेला कळलं असतं तर बरं झालं असतं. पातळ प्लास्टिकची एकेरी भिंत असलेला ३०० लिटरचा टब ३० अंशांच्या हवेत १२ वर ठेवायचा तर माझ्या हिशोबाने त्यात दिवसाला सात-साडेसात युनिट उष्णता घुसते. त्याच मापाच्या टबला चहूबाजूंनी आणि झाकणाला एक इंच पीयू फोम (पॉलियुरेथेन, फ्रीजच्या भिंतीत असतो तसला) असेल तर एकच युनिट. सात पट फरक! विजेत बोलायचं तर पातळ टब रोजचे साडेतीन-चार युनिट खातो, जाड टब अर्धा. यात पंपाचे धरा, ६० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर रोजचे जवळजवळ दीड युनिट, म्हणून टायमर असलेला चिलर बघा. महिन्याला एकाचे साठच्या आसपास युनिट आणि दुसऱ्याचे दीडशेच्या वर, आणि आपल्याकडे बिलाचे स्लॅब असतात त्यामुळे हे वाढीव युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. स्वस्त टबातले वाचवलेले पैसे बिलातून निघून जातात ते असे.

पातळ टबचा अजून एक त्रास म्हणजे भिंतीला बाहेरून घाम येतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात तर टबाखाली कायम ओल, मग बुरशी.

आता प्रकार.

घडीचा टब, उभ्या काठ्या आणि कापडी-पीव्हीसी भिंत. पाच-दहा हजारांच्या आतबाहेर मिळतो, ड्रमपेक्षा बसायला बरा, पण भिंत म्हणजे थोडा फोम आणि कापड. काठ्या वाकतात, शिवणीतून पाणी झिरपतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, महाबळेश्वर, पुण्याकडे पहाटे बसणाऱ्याला हा थोड्या बर्फावर चालून जातो, बारमाही नाही.

हवा भरायचा जाड टब, ज्याच्या दोन भिंतींमध्ये धाग्यांची जाळी असते आणि हवा भरली की तो पाट्यासारखा कडक होतो. वरच्यापेक्षा खूप चांगला, चिलरचे पाईप जोडायची भोकं आधीच दिलेली असतात, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला सोयीचा. पण तळ बघा, बऱ्याच टबांचा तळ एकेरी असतो आणि तापलेल्या गच्चीतून उष्णता तिथून आत येते, तर खाली जाड फोमची मॅट टाकावी लागते. मांजर असेल घरात तर विचार करा.

दोन भिंती आणि मध्ये फोम असा साच्यातला प्लास्टिक टब. माझा सध्याचा हाच आहे. मुंबईच्या ससून डॉकवर मासे ठेवायचे जाडजूड आइस बॉक्स बघितलेत का, तीच कल्पना, आणि ते उन्हात, खाऱ्या पाण्यात, आदळआपट सोसून वर्षानुवर्षं चालतात. गंजत नाही, फुटत नाही, धुवायला सोपा. दिसायला काही खास नाही. नवीन माणसाला मी हाच सुचवते.

फायबर किंवा ॲक्रिलिक गुळगुळीत आणि छान दिसतं, फायबरचा टब इथला कारागीर तुमच्या मापाने करून पण देतो, फक्त फोम किती एमएम भरणार ते लिहून घ्या, तोंडी नको. स्टील सगळ्यात टिकाऊ, पण एकेरी स्टीलचा टब म्हणजे थंडावा ओतून देणं, दुहेरी आणि फोमवालाच पाहिजे, आणि समुद्राजवळ राहत असाल किंवा क्लोरीन वापरणार असाल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टील मागा, ३०४ ला बारीक खड्डे पडायला लागतात. लाकडी टब फोटोत सुंदर दिसतो, पण आपल्या पावसाळ्यात त्याची निगा राखणं हे वेगळं काम होऊन बसतं आणि मे महिन्यात रिकामा ठेवलात तर फळ्या आक्रसून गळायला लागतो.

आडव्या डीप फ्रीजरमध्ये पाणी भरून प्लंज बनवणारे व्हिडिओ आहेत. करू नका. ते यंत्र माणसाने पाण्यात बसावं म्हणून बनवलेलं नाही, शिवणीतून पाणी विजेच्या भागात उतरतं, आणि लहान मूल आत अडकलं तर झाकण आतून उघडत नाही.

एक परीक्षा टब आल्यावर नक्की करा, शक्य असेल तर दुकानदाराकडे आधीच करून मागा: पाणी १२ वर आणा, झाकण लावा, चिलर बंद करा, बारा तासांनी मोजा. चांगल्या टबात १३-१४ दिसतं, पातळ टबात १८-२० दिसेल. बाकी सगळ्या गप्पा या एका आकड्यापुढे फिक्या.

पायरी ६: चिलरला एचपी विचारू नका

सगळे विचारतात अर्धा एचपी का एक एचपी. एचपी हे कॉम्प्रेसरचं माप झालं, थंडावा किती मिळतो ते त्यातून कळत नाही. विक्रेत्याला हे विचारा: बाहेर ३५ अंश आणि टबात १२ अंश असताना हा चिलर किती वॅट उष्णता काढतो? पुष्कळ आयात चिलरवर छापलेला आकडा २५ अंशांच्या हवेतला आणि कोमट पाण्यावरचा असतो. हवा तापली आणि पाणी गार होत गेलं की तोच चिलर मंदावतो.

मी परत केला तो चिलर असाच होता. कागदावर ५ अंश, आणि आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये दिवसरात्र चालून १९ च्या खाली जायचा नाही. विक्रेता म्हणाला, सावलीत ठेवा, ठेवला, म्हणाला फिल्टर धुवा, धुतला. शेवटी मी तीन दिवस दर तासाचं तापमान लिहून फोटोसकट पाठवलं तेव्हा परत घेतला, वाहतुकीचे पैसे गेलेच. नागपूरच्या मैत्रिणीकडे ४५ अंशांत तिचा चिलर दुपारी प्रेशर वाढून बंदच पडायचा, तिने तो फक्त रात्री चालवायला सुरुवात केली आणि जाड टब असल्यामुळे सकाळपर्यंत निभावतं. विदर्भ-मराठवाड्यात हाच मार्ग मला योग्य वाटतो, चिलर एक माप मोठा आणि चालवायचा रात्री.

वेळेचा अंदाज: वरची सव्वासहा युनिट उष्णता काढायची आणि चिलर खरोखर पाऊण किलोवॅट काढत असेल तर आठ-नऊ तास, दीड किलोवॅट काढत असेल तर चार-साडेचार. घरात दोघं-तिघं एकामागून एक बसणार असतील तर मोठा घ्या, एकट्याला आणि जाड टबाला छोटा पुरतो.

चिलर जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी, वर स्वतःची भर घालून, आजूबाजूच्या हवेत सोडतो. त्यामुळे बंद बाथरूममध्ये चिलर ठेवला तर बाथरूमची भट्टी होते आणि चिलर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकत राहतो. मोकळ्या हवेत, सावलीत, भिंतीपासून सुटा, आणि पावसापासून छप्पर. आवाज पण ऐकून घ्या, शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली रात्रभर कॉम्प्रेसर घरघरला तर भांडण ठरलेलं.

बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार बसतात, तेव्हा पाणी ज्या नळीतून जातं ती टायटॅनियमची आहे का विचारा, तिला गंज लागत नाही आणि क्षार काढायला ॲसिडवॉश करता येतो. परदेशातून मागवताना २३० व्होल्ट ५० हर्ट्झचंच मॉडेल आहे ना ते बघा, अमेरिकेतलं ११० व्होल्टचं मशिन इथं लावता येत नाही, आणि कॉम्प्रेसरला ट्रान्सफॉर्मरवर चालवायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ७: जागा, वजन आणि दार

एक लिटर म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि टब घेताना सगळे विसरतात. घरातल्या खोल्यांची जमीन आयएस ८७५ या आपल्याकडच्या बांधकामाच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून डिझाइन करतात. आता उभा पिंपासारखा टब घ्या, ७५ सेंटिमीटर व्यासाचा, पाणी २५०, माणूस ७५, टब २५, मिळून ३५० किलो, आणि हे सगळं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ८०० किलो. आडवा लांब टब, त्यात पाणी जास्त असूनही वजन पसरतं, ३५० च्या आसपास येतं. दोन्ही आकडे २०० च्या वरच आहेत, म्हणून वरच्या मजल्यावर ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, तो बीम कुठे आहे ते बघून जागा सांगेल. बाहेर काढलेल्या बाल्कनीत ठेवू नका, आणि जुन्या इमारतीत तर विचारसुद्धा नको. गच्ची सोसायटीची असते, लेखी परवानगी घ्या, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या घरात गळती तुमच्या नावावर. तळमजला किंवा अंगण असेल तर हा सगळा प्रश्नच मिटतो.

मग दार मोजा. लिफ्ट मोजा, जिन्याचं वळण मोजा. कडक टबाचं बाहेरचं माप आणि तुमच्या दाराची मोकळी रुंदी, दोन्ही टेपने, अंदाजे नाही.

बसायचं माप घ्यायला जमिनीवर भिंतीला टेकून गुडघे थोडे वाकवून बसा आणि पाठीपासून पावलापर्यंत मोजा, तेवढी आतली लांबी पाहिजे. क्षमता विचारताना काठोकाठ किती आणि खरं भरायचं किती हे वेगळं विचारा, ७५ किलोचा माणूस मानेपर्यंत बसला की सत्तर लिटरच्या आसपास पाणी वर चढतं, त्यामुळे '४०० लिटर' लिहिलेल्या टबात तुम्ही ३२०च भरता, आणि हिशोब ३२० चाच करायचा.

पायरी ८: पाणी साफ कसं राहणार

पाणीपुरवठ्याचा हिशोब करताना शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. ३०० लिटरचा टब म्हणजे दोन माणसांचं दिवसभराचं पाणी, ते दर तीन दिवसांनी ओतून द्यायचं हे उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत बरं दिसत नाही आणि बरोबर पण नाही. म्हणून फिल्टर पाहिजेच, आणि सोबत जंतू मारायची काहीतरी सोय, ओझोन, यूव्ही (अतिनील दिवा) किंवा क्लोरीन. ओझोन-यूव्ही असला तरी थोडं क्लोरीन मी ठेवते, १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.८, स्विमिंग पूलच्या दुकानात टेस्ट स्ट्रिप मिळतात. असं सांभाळलं तर पाणी तीन-चार आठवडे चालतं. फिल्टरचं कार्ट्रिज बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं आहे का ते विकत घेण्याआधी बघा, नाहीतर दर दोन महिन्यांनी परदेशातून मागवत बसाल.

उतरण्याआधी साबण लावून आंघोळ, आणि केसाला तेल असेल तर त्या दिवशी प्लंज नाही किंवा आधी केस धुवा. आपल्याकडे खोबरेल लावून झोपायची सवय, ते गार पाण्यात गोठतं, फिल्टरवर पांढरा थर धरतं आणि भिंत बुळबुळीत होते. आमच्या घरी हा नियम दारावर चिकटवलाय.

डासांचं विसरू नका. चिलर चालू असताना १२ अंशांत अळ्या वाढत नाहीत, पण गावाला गेलात, चिलर बंद केला आणि पाणी तसंच ठेवलं, तर डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. आठवड्याच्या वर बाहेर जात असाल तर टब रिकामा, पुसून कोरडा. त्यासाठी तळाशी ड्रेनचा नळ असलेला टब घ्या, बादलीने ३०० लिटर उपसायला लागले की दुसऱ्याच वेळेला कंटाळा येतो. झाकण घट्ट बसणारं आणि कुलूप लागणारं पाहिजे, घरात किंवा शेजारी लहान मुलं असतील तर ही अट सगळ्यात वर.

पायरी ९: वीज

थोडक्यात पण कडक. वेगळा १६ ॲम्पियरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग, आणि त्या लाइनला ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन लगेच तोडणारा स्विच, जो नसेल तर टब आणण्याआधी बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नाही. चिलर आणि प्लग टबात बसून हाताला लागणार नाही इतक्या लांब. मी बसताना चिलर बंद करून प्लगच काढते. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. लाइट सारखी येते-जाते अशा भागात स्टॅबिलायझर आणि परत चालू व्हायला तीन मिनिटं थांबणारा चिलर, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर जातो.

पायरी १०: पैसे देण्याआधी आणि टब आल्याच्या दिवशी

दोन-तीन टब निवडले की प्रत्येकाचा असा एक कागद करा: खरं भरायचं पाणी, भिंतीचा आणि झाकणाचा फोम किती एमएम, ३५ अंशांतला थंडावा किती वॅट, टब अधिक चिलर अधिक दोन वर्षांची वीज अधिक फिल्टर. किमतीची तुलना या शेवटच्या बेरजेची करा. माझ्या कागदावर सगळ्यात स्वस्त टब दोन वर्षांच्या बेरजेत तिसऱ्या नंबरला गेला होता.

विक्रेत्याकडून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: गॅस कोणता, गळती झाली तर कोण भरणार, सर्व्हिसला माणूस तुमच्या गावात येतो का मशिन कुरिअरने पाठवायचं, पंप सुटा मिळतो का, परत करायची मुदत किती दिवस आणि वाहतूक कोणाची. 'मॅडम काळजी करू नका' हे उत्तर लेखी धरू नका. जवळच्या एसी मेकॅनिकला चिलरचा फोटो दाखवा, हे मला उघडता येईल असं तो म्हणाला तर मोठी गोष्ट आहे.

टब आला की खोका फाडून टाकू नका. त्याच दिवशी भरा, वेगळा थर्मामीटर टाका, चिलरवरचा आकडा आणि हा आकडा दोन्ही लिहा, कारण चिलर जिथे मोजतो तिथलं पाणी बऱ्याचदा टबातल्या पाण्यापेक्षा गार असतं. दर तासाला वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान. १५ वर यायला किती तास लागले ते बघा, मग झाकण लावून बंद करून बारा तासांची परीक्षा घ्या, सकाळी टबाखाली हात फिरवून ओल आहे का बघा, आरसीसीबीचं बटण दाबून बघा. हे सगळं परत करायच्या मुदतीच्या आत, आणि शक्यतो एप्रिल-मे मध्येच. डिसेंबरमध्ये सगळेच चिलर पास होतात.